चार दिवसांचा पाहुणा

जबलपूरच्या छावणीतील सदर भागात, एका मराठी घराच्या ओसरीवर मला एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही दिवस एका लहानशा पंपाने त्यांच्या हृदयाचा भार वाहिला होता. ते म्हणाले, "यंत्र तर काढले. आता अंथरुणावर पडून राहावे की उठावे?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

१९१२ साली शिकागोच्या हेरिक यांनी या झटक्याचे रोगनिदान मांडले आणि पूर्ण विश्रांतीवर भर दिला. पुढे रुग्णाला सहा-सहा आठवडे निजवून ठेवण्याची रीत पडली. पण निश्चल पायांत रक्त गोठे, गुठळी फुप्फुसात जाई आणि झटक्यातून वाचलेला माणूस विश्रांतीने दगावे. १९५२ साली बॉस्टनच्या लेव्हिन व लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसविले. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर आजारी पडले, तेव्हा डॉ. पॉल व्हाइट यांनी त्यांना क्रमाक्रमाने चालते केले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले.

१९६७ साली ब्रुकलिनच्या कँट्रोविट्झ यांनी जांघेतील रोहिणीतून महारोहिणीत एक फुगा सरकविला. हृदय सैलावले की तो फुगे, आकुंचनापूर्वी मिटे. मात्र २०१२ साली जर्मनीत ६०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात या फुग्याने मृत्यू घटल्याचे दिसले नाही. त्यानंतर २०२४ साली डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटन येथील निवडक रुग्णांत, डाव्या जवनिकेत बसविलेल्या सूक्ष्म पंपामुळे सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आले. पण त्याच्यापायी रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे, ही संकटेही वाढली.

म्हणून घरी आल्यावर जांघेकडे लक्ष असावे. तेथे सूज वाढली वा रक्त वाहू लागले, तर घट्ट दाबून धरावे आणि तत्काळ मदत बोलवावी. पाय थंड वा बधिर पडला, तरी थांबू नये. औषधे स्वतःच्या मनाने सोडू नयेत. वजन रोज पाहावे. ते एकाएकी वाढले, तर अंगात पाणी साठत असल्याची ती सूचना असू शकते. चालणे मात्र वैद्यांनी आखून दिल्याप्रमाणे वाढवावे.

पंप हा चार दिवसांचा पाहुणा. तो हृदय बरे करीत नाही. बरे होण्यास अवधी देतो. तो अवधी सार्थकी लावणे, हे घराचे काम. हे ऐकून ते गृहस्थ हसले, काठी घेतली आणि अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.