सूक्ष्मव्यवस्थापन

हाताखालच्या माणसाकडे काम सोपवूनही त्यातल्या बारीकसारीक निर्णयांवर वरिष्ठाने स्वतःचाच ताबा ठेवण्याची कार्यपद्धती. प्रत्येक ईमेलची प्रत मागणे, मसुद्यातला शब्दन्‌शब्द बदलणे, दिवसातून अनेकदा प्रगती विचारणे ही तिची लक्षणे. व्यवस्थापनतज्ज्ञ फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनात (१९११) विचार व्यवस्थापकाने आणि अंमलबजावणी कामगाराने करावी, अशी विभागणी होती. व्यवस्थापनाचे अभ्यासक डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये, अशा नियंत्रणामागच्या, माणूस मुळात कामचुकार असतो या गृहीतकालाच आव्हान दिले.

सूक्ष्मव्यवस्थापनाची खरी हानी त्याच्या चक्रात आहे. सतत टोकला जाणारा कर्मचारी निर्णय घेणे थांबवतो, चूक लपवतो, प्रत्येक कागद वर पाठवतो. त्यामुळे आपल्यावाचून काम अडते, अशी वरिष्ठाची खात्री पटते आणि पकड आणखी घट्ट होते. नवख्या माणसाला जवळची देखरेख लागतेच. मात्र कौशल्य वाढेल तशी ती सैल झाली पाहिजे.

याउलट, कोकण रेल्वेच्या बांधकामात प्रकल्पाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे विभाग पाडून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला आणि त्याला जागेवरच निर्णय घेण्याचे व्यापक अधिकार दिले. मुदतीबाबत मात्र ते कठोर होते. डोंगर, बोगदे आणि मुसळधार पाऊस यांतून हा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. अधिकार आणि उत्तरदायित्व एकाच हाती देण्याचे हे उत्तम भारतीय उदाहरण होय.

सूक्ष्मव्यवस्थापन करणाऱ्या वरिष्ठाखाली काम करणाऱ्याने कोणते निर्णय आपले आणि कोणते विचारून घ्यायचे, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. विचारणा होण्याआधीच ठरल्या वेळी माहिती द्यावी.