कोहली, फकीरचंद

कोहली, फकीरचंद : (१९ मार्च १९२४–२६ नोव्हेंबर २०२०). विद्युत् अभियंता व भारतातील संगणकसेवा उद्योगाचे आद्य प्रवर्तक. जन्म पेशावर येथे. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातील शिक्षणानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते कॅनडास गेले. किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठातून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी (१९४८) व अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची पदव्युत्तर पदवी (१९५०) त्यांनी संपादन केली.

१९५१ मध्ये स्वदेशी परतून ते मुंबईस टाटा विद्युत् कंपन्यांच्या सेवेत रुजू झाले. खोपोली, भिवपुरी व भिरा येथील जलविद्युत् केंद्रांतून आणि पुढे ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रातून निघणारी वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळे, महानगराची घटकेघटकेला बदलणारी मागणी व प्रत्येक केंद्राचे उत्पादन यांचा मेळ अखंड राखणे, म्हणजेच भारप्रेषण, हे त्यांचे मुख्य कार्य होते. या व्यवस्थेच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा असून, तिच्या नियंत्रणासाठी संगणकाचा अवलंब करण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. १९७० मध्ये ते या कंपन्यांचे संचालक झाले.

तत्पूर्वीच, १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या महाव्यवस्थापकपदी १९६९ मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. १९७४ पासून प्रभारी संचालक या नात्याने तिचा सर्व कारभार त्यांच्या अखत्यारीत आला. परकीय चलनाचा तुटवडा, आयातीवरील निर्बंध आणि भारी जकात यांमुळे संगणक मिळणेच जेथे दुरापास्त होते, तेथे बरोज या अमेरिकन कंपनीशी सहकार्य करून, मुंबईत लिहिलेल्या आज्ञावली परदेशी ग्राहकांस पुरविण्याचा मार्ग त्यांनी खुला केला. पुण्यातील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्राच्या स्थापनेमागे (१९८१) त्यांचीच प्रेरणा होती. १९९६ मध्ये त्यांनी कंपनीची सूत्रे एस. रामदुराई यांच्याकडे सोपविली. नॅसकॉम या उद्योगसंघटनेचेही ते अध्यक्ष होते. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब प्रदान करण्यात आला.

अभियंता प्रशासक झाला की तो आपल्या विद्येपासून दुरावतो, या सार्वत्रिक समजुतीला त्यांची कारकीर्द हे समर्थ उत्तर आहे. कारण अनेक घटकांची परस्परावलंबी रचना समग्रपणे पाहण्याची जी दृष्टी त्यांना वीजपुरवठ्याच्या व्यवहारात लाभली, तिच्याच बळावर त्यांनी माणसे, यंत्रे व बाजारपेठा यांची सांगड घातली. निवृत्तीनंतरही पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद भूषवून त्यांनी त्या जुन्या संस्थेच्या उत्कर्षाची काळजी वाहिली, तसेच निरक्षर प्रौढांस संगणकाच्या साहाय्याने मातृभाषेतील वाचन शिकविण्याच्या उपक्रमास चालना दिली. केवळ निर्यातीने राष्ट्राची प्रगती पूर्ण होत नाही, भारतीय भाषांतून व्यवहार करणाऱ्या सामान्य जनतेपर्यंत संगणक पोहोचला पाहिजे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. आणि उद्योजक म्हणून त्यांनी मिळविलेल्या यशाइतकेच या आग्रहाचेही मोल मानले पाहिजे.