एपिलेटर

शरीरावरील केस मुळापासून उपटणारे, विजेवर किंवा चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालणारे, मुठीत मावणारे घरगुती यंत्र. पाय, हात आणि काखेतील केसांसाठी ते मुख्यतः वापरतात. वस्तरा केस त्वचेच्या पातळीवर कापतो आणि क्रीम तो विरघळवते. एपिलेटर केस मुळासकट ओढून काढतो. म्हणून त्याचा परिणाम तीन-चार आठवडे टिकतो आणि म्हणूनच दुखतेही.

गोव्याच्या खेड्यांत या यंत्राची खरी सोय खाजगीपणाची आहे. उदाहरणार्थ, डिचोली तालुक्यातील सुर्ला हे पाळी-वेळगेजवळचे, लोहखनिजाच्या पट्ट्यातील गाव. अशा गावात पार्लर असले तरी ते ओळखीतल्या बाईचे असते. साखळी-डिचोलीला जायचे तर बस, भाडे आणि अर्धा दिवस जातो. काखेतील केस दुसऱ्या बाईकडून काढून घेण्याचा संकोच अनेकींचा आयुष्यभर सुटत नाही. घरच्या न्हाणीघराचे दार लावून, आपल्या वेळेने, कुणाला न सांगता हे काम करता येणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखू नये.

यंत्राच्या डोक्यात एक दंडगोल फिरतो. त्यावर धातूच्या किंवा सिरॅमिकच्या चकत्या जोडीने बसवलेल्या असतात. फेऱ्याच्या एका टप्प्यावर जोडीतील चकत्या फाकतात आणि केस आत शिरतो. पुढच्या टप्प्यावर त्या मिटतात, केस चिमटीत सापडतो आणि फिरण्याच्या ओढीने निघतो. नंतर चकत्या पुन्हा उघडून त्याला सोडून देतात. साधारण वीस ते चाळीस चिमटे हे काम मिनिटाला शेकडो वेळा करतात. केस दोन ते पाच मिलिमीटर लांब असला तर चिमटीत नीट येतो. फार लांब केस गुंततो किंवा मध्येच तुटतो, म्हणून वाढलेले केस आधी ट्रिमरने कापून घ्यावेत.

पहिल्या वापरानंतर आठवडाभरातच नवे केस दिसू लागले की अनेकींना यंत्र निकामी वाटते. दोष यंत्राचा नसतो. प्रत्येक केस वाढीच्या, उताराच्या आणि विश्रांतीच्या अवस्थेतून जातो. डोक्यावरचे केस वर्षानुवर्षे वाढीच्या अवस्थेत राहतात, तर पायावरच्या केसांची वाढ काही महिन्यांतच थांबते आणि कोणत्याही वेळी त्यांपैकी बरेचसे विश्रांतीत असतात. काही नवे केस त्वचेच्या खालीच असतात. ते चिमट्याला सापडत नाहीत आणि चार दिवसांनी वर येतात. दर दोन-तीन आठवड्यांनी काम करत राहिले की एकावेळी उगवणाऱ्या केसांची संख्या घटते आणि वेदनाही सुसह्य होत जाते. केस मात्र कायमचे जात नाहीत. ओढलेल्या केसासोबत त्याचे मूळ निघते, पण नवा केस घडवणाऱ्या पेशी त्वचेत शिल्लक राहतात.

वस्तऱ्याने केस जाड होतात हा समज घरोघरी आहे आणि एपिलेटर घेण्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते. ती निराधार आहे. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली दाढीच्या केसांवर प्रयोग करून दाखवले की कापल्याने केसाचा रंग, जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ लागतो. ज्यांना वेदना सोसवत नाही त्यांनी निर्धास्तपणे वस्तरा वापरावा.

केस उपटण्याचे किंवा झडवण्याचे उपाय आपल्याकडे जुने आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेवरील साठ उपचारांमध्ये केस काढणे हाही एक उपचार सांगितला आहे. केसांनी झाकलेली जखम नीट भरत नसेल तर वस्तरा, कात्री किंवा संदंश म्हणजे चिमटा वापरावा, असे तिथे म्हटले आहे. शंखाची पूड आणि हरताळ यांचा केस झडवणारा लेपही त्यात आहे. हरताळात आर्सेनिक असते, त्यामुळे हा लेप आज घरी करून पाहण्याचा नाही. घराघरांत चालत आली ती सौम्य पद्धत : तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव पिठाच्या गोळ्याने चोळून काढणे, मुलींना हळद-बेसनाचे उटणे लावणे. बाळाची लव तशीही आपोआप गळते. उटण्याने मळ निघतो, पण जाड केसावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. चेहऱ्यासाठी दोऱ्याचे थ्रेडिंग आणि हातापायांसाठी साखर-लिंबाचे वॅक्स या पद्धती आजही टिकून आहेत.

आजचे यंत्र इस्रायलच्या उत्तर भागातील हागोश्रिम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीत, जन्मले. १९८६ साली तिथून ‘एपिलेडी’ बाजारात आली. तिच्या डोक्यात कमानीसारखी वाकवलेली स्प्रिंग वेगाने फिरे. वाकण्याच्या बाहेरच्या बाजूला स्प्रिंगचे वेढे उघडत, आतल्या बाजूला मिटत आणि मिटताना केस पकडत. काम होई, पण वेदनेची तक्रारही मोठी होती. तिच्या स्पर्धेत रेमिंग्टन कंपनीने स्प्रिंगऐवजी चिरा पाडलेला रबरी दांडा असलेले यंत्र आणले आणि पेटंटचा दावा उभा राहिला. १९८९ साली लंडनमध्ये न्यायमूर्ती हॉफमन यांनी रबरी दांडा म्हणजे स्प्रिंग नव्हे, सबब उल्लंघन नाही, असे ठरवले. जर्मनीतील न्यायालयाने त्याच यंत्राबाबत नेमका उलटा निकाल दिला. पेटंटाचा मजकूर शब्दशः वाचायचा की त्यामागच्या कल्पनेपर्यंत ताणायचा, हे शिकवताना कायद्याचे प्राध्यापक आजही हा खटला सांगतात. पुढे फिरत्या चकत्यांची रचना आली आणि ब्राउन, फिलिप्स, पॅनासोनिक यांच्या यंत्रांतून तीच सर्वत्र पोचली.

गोव्याच्या हवेत या यंत्राबाबत काही सूचना आवर्जून पाळाव्यात. उपटलेल्या केसाची जागा काही तास उघडी राहते. इथे एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा लागतात आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. अशा दमट हवेत घाम आणि जंतू त्या छिद्रांत शिरून पुळ्या उठतात. म्हणून हे काम रात्री, अंघोळीनंतर करावे. कोमट पाण्याने त्वचा मऊ होते. नंतर ती पूर्ण कोरडी करावी, दुसऱ्या हाताने ताणून धरावी आणि यंत्र काटकोनात धरून केसांच्या उलट दिशेने, न दाबता, सावकाश न्यावे. गुडघा, घोटा आणि काख इथे वेग कमी ठेवावा. काम झाल्यावर थंड पाण्याचा फडका ठेवावा आणि सैल सुती कपडे घालावेत. त्या रात्री खोबरेल तेल चोळू नये, कारण दाट तेलाने छिद्रे बुजतात. अंगणातली कोरफड लावायची तर पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक निथळू द्यावा आणि धुऊन टाकावा, कारण तोच त्वचेला झोंबतो. घामोळे उठलेल्या अंगावर यंत्र फिरवूच नये.

गणेश चवथीला किंवा लग्नाला जायचे असेल तर आदल्या रात्रीऐवजी दोन दिवस आधी केस काढावेत. लाल ठिपके तोवर मावळतात. पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलात उतरणाऱ्या बायांनी लावणीच्या दिवसांत पायांवर एपिलेटर न वापरणेच बरे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेच्या बारीक जखमांतूनही शरीरात शिरतात.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला दुसरा एक त्रास अधिक होतो. सूज किंवा पुळी बरी झाल्यावर तिथे काळा डाग राहतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. आत वळून वाढणारे केस हे त्याचे मोठे कारण. केस काढल्यावर दोन-तीन दिवसांनी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने त्वचा हलके घासली तर असे केस कमी होतात. सुई किंवा पिन खुपसून ते उकरू नयेत. मधुमेह, पायांवर फुगलेल्या शिरा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. तीळ, चामखीळ आणि जखम यांवरून यंत्र नेऊ नये.

यंत्र बहिणी-बहिणींतही वाटून वापरू नये. चिमट्यांना लागलेले रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू त्यातून पसरू शकतात. प्रत्येक वेळी ब्रशने केस झाडून, डोके स्पिरिटने पुसून, वाळवून ठेवावे. तारेवर चालणारे यंत्र न्हाणीघरात ओल्या हाताने धरू नये. पाण्यात चालणारी यंत्रे बॅटरीचीच असतात.

केस असणे हा आजार नाही आणि अस्वच्छताही नाही. ते काढायचे की नाही हे जिचे तिने ठरवावे. हनुवटी, छाती किंवा पोटावर मात्र जाड काळे केस नव्याने येऊ लागले, सोबत पाळी अनियमित झाली किंवा मुरुमे वाढली, तर त्यामागे पीसीओएससारखा संप्रेरकांचा बिघाड असू शकतो. अशा केसांचे प्रमाण मोजण्याची फेरीमन आणि गॉलवे यांची पद्धत १९६१ पासून डॉक्टर वापरत आले आहेत. गावच्या आरोग्य केंद्रातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील (गोमेकॉ) त्वचारोग किंवा स्त्रीरोग विभागाकडे चिठ्ठी घेऊन जाता येते. वयात आलेल्या मुलीच्या हनुवटीवर असे केस दिसले, तर आईने यंत्र आणून देण्याआधी तिला तिथे घेऊन जावे.