सेल्फीच्या जमान्यात आत्मचित्र कशासाठी?

आरशात पाहून स्वतःचं काढलेलं चित्र म्हणजे आत्मचित्र, अर्थात सेल्फ पोर्ट्रेट. किशोरवयात मुलं याकडे वळतात ती बऱ्याचदा 'मी नक्की कोण?' या प्रश्नामुळे.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं, पण पत्ता आजही 'कॅम्प नंबर' असाच सांगतात. बदलापुरात स्वस्त घरांसाठी आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. गाव कोकणात, वडिलांची नोकरी मुंबईत, शाळा इथे. 'तू कुठला?' याला एका शब्दात उत्तर काय द्यायचं?

अमृता शेरगिलचंही असंच होतं. आई हंगेरियन, वडील शीख. पॅरिसमध्ये शिकताना, 1930 ते 1932 या काळात तिनं तब्बल 19 आत्मचित्रं रंगवली. सुरुवात केली तेव्हा ती 17 वर्षांची होती. कुठे ती हसरी दिसते, कुठे गंभीर. एकच 'खरी' अमृता ठरवायची घाई तिनं केली नाही.

मग सेल्फी का पुरत नाही? 2018 च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. म्हणजे नाकावरून रडणाऱ्या अनेकांचा दोष नाकात नसून हाताच्या लांबीत आहे! त्यात फिल्टर रंग परस्पर उजळवतो. चित्रात तसं होत नाही. खडूच्या पेटीतला गुलाबी 'स्किन कलर' आपल्याकडे फारशा कुणाशी जुळत नाही, त्यामुळे स्वतःचा सावळा रंग स्वतःच मिसळावा लागतो. त्यासाठी तो आधी नीट पाहावा लागतो.

शाळेत मात्र याला जागा नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांत वस्तू, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असतं, दहावीला वाढीव गुणही मिळतात, पण स्वतःचा चेहरा काढा असा प्रश्न येत नाही.

घरी करायचं तर आरसा, पेन्सिल आणि एका बाजूच्या खिडकीचा उजेड पुरतो. नवखे लोक डोळे कपाळात काढतात. खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. चित्र पाहून घरचे 'काहीतरी वेगळं वाटतंय' म्हणाले तर भांग तपासावा. आरशामुळे तो उलट्या बाजूला गेलेला असतो.