वर्दी उतरवणारे आणि वर्दी मागणारे

अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही इंग्रजी कादंबरी २००० साली आली. दोस्तांनो, मिळवून वाचा. जाडजूड आहे, १८८५ च्या मंडालेपासून सुरू होते. सागवान, रबराचे मळे, आपल्या रत्नागिरीत कैदेत ठेवलेला थिबा राजा, सगळं आहे. पण मी अडकलो तो अर्जुनपाशी.

अर्जुन बंगाली, इंग्रजी फौजेतला अफसर. साहेबाच्या पंगतीला बसतो, साहेबासारखा बोलतो. डिसेंबर १९४१ मध्ये मलायात जित्राला जपान्यांनी फळी फोडली आणि याच्या डोक्यात भुंगा शिरला: आपण मरतोय ते कुणासाठी? हे नुसतं कादंबरीतलं नव्हे. जित्रानंतर कॅप्टन मोहनसिंग जपान्यांकडे गेले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, दोन दिवसांनी फॅरर पार्कवर हजारो हिंदी शिपाई इंग्रजांनी जपान्यांच्या हवाली केले. त्यांतून आझाद हिंद फौज उभी राहिली. काही तिच्यात गेले, काही नाही. दोघांनाही घरी बसलेल्यांनी नावं ठेवली.

अर्जुन जातो. त्याचा बॅटमन, म्हणजे साहेबाची कामं करणारा शिपाई किशनसिंग, त्याच्यामागे जातो. पुढं ब्रह्मदेशात हाच किशनसिंग फौज सोडून पळू बघतो, तेव्हा अर्जुनच त्याला गोळी घालतो. अफसरानं बाजू बदलली तर ती मनाची हाक, शिपायानं घरची वाट धरली तर गुन्हा! ही पानं नीट वाचा.

आपल्याला तर हा सवाल अजून विचारतात. १ जानेवारी १८१८, कोरेगाव: महार कुणाकडून लढले? अरे, पेशवाईनं माणूस म्हणून उभं केलं नाही, तिथं निष्ठा कसली मागता? आणि इंग्रज तरी कुठले आपले! लढाऊ जातींचं खूळ काढून महारांची भरती बंद केली. पलटणीत राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१७ त माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण काढली, लढाई संपल्यावर १९२१ त मोडली. बाबासाहेबांनी जोर लावला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

तारखा बघा. जित्राच्या आधी जेमतेम अडीच महिने. तिकडं अर्जुन ती वर्दी अंगावरून उतरवू म्हणतोय, इकडं आपली माणसं तीच वर्दी मिळावी म्हणून रांगेत उभी.

घोषांच्या पुस्तकात बेळगावची ही रांग नाही. ज्यांच्या माळ्यावर त्या पलटणीची लोखंडी पेटी पडलीय, त्यांनी हे वाचावं, आणि पेटी उघडून घरातल्या म्हाताऱ्यांना विचारत बसावं.