सर्व्हर-लॉगचे विश्लेषण

संकेतस्थळाच्या सर्व्हरवर आपोआप साठणाऱ्या नोंदींवरून, म्हणजे लॉगवरून, वापरकर्त्यांच्या वर्तनाचा अंदाज बांधण्याची पद्धती. सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ पडते. पानात दहा चित्रे असली, तर ते एकदा उघडले तरी अकरा ओळी होतात. ‘हिट्स’चे जुने मोठमोठे आकडे असेच फुगत.

नोंदीचे स्वरूप : कॉमन लॉग फॉरमॅटमध्ये सात रकाने असतात. त्यांत आयपी पत्ता, वेळ, मागणी, प्रतिसादाचा क्रमांक (सापडले तर २००, नाही तर ४०४) आणि बाइट्स हे कामाचे. उरलेल्या दोहोंत बहुधा आडवी रेघ. नंतरच्या कंबाइंड प्रकारात ब्राउझर आणि ‘रेफरर’, म्हणजे आधीचे पान, यांची भर पडली. रेफररच्या इंग्रजी स्पेलिंगमधला गळलेला ‘आर’ १९९६ च्या एचटीटीपी (ब्राउझर-सर्व्हर संवादाचे नियम) दस्तऐवजात तसाच राहिला व आजही आहे. देवनागरी पत्ते सांकेतिक रूपात उतरतात : ‘मराठी’ हा शब्द ४५ चिन्हे व्यापतो.

सेशन : म्हणजे एका व्यक्तीची एक सलग भेट. एचटीटीपीला मागची आठवण नसते, त्यामुळे एका व्यक्तीच्या ओळी अंदाजानेच जुळवाव्या लागतात. जॉर्जिया टेकमधील कॅटलेज व पिटकाऊ यांनी १९९४ मध्ये तीन आठवडे १०७ जणांच्या एक्समोझॅक ब्राउझरमधील हालचाली टिपल्या. दोन कृतींमधले सरासरी अंतर ९.३ मिनिटे निघाले. त्यात दीड प्रमाण विचलन मिळवून त्यांनी सेशनची मर्यादा २५.५ मिनिटे धरली. पुढे रूढ झालेल्या ३० मिनिटांचे मूळ सामान्यतः येथेच शोधले जाते. याच अभ्यासात ५२ टक्के कृती दुव्यांवरच्या, तर ४१ टक्के ‘बॅक’ बटणाच्या होत्या. मागे जाताना पान बहुधा ब्राउझरच्या साठ्यातूनच उघडते, त्याची ओळ सर्व्हरवर पडतच नाही. नोंदणी ब्राउझरमध्ये केली म्हणूनच हा आकडा हाती लागला.

मर्यादा : एका कार्यालयाचा एकच पत्ता, एका मोबाइलचे अनेक, शिवाय बॉट्सच्या, म्हणजे आपोआप पाने चाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फेऱ्या. ‘ॲनालॉग’ या लॉग-विश्लेषण साधनाचे कर्ते स्टीफन टर्नर यांनी, लॉगवरून पाहुण्यांची संख्या कळत नाही, असे आपल्याच साधनाच्या माहितीपत्रकात नमूद केले होते.

साधने : ॲनालॉग (१९९५), वेबलायझर, एडब्ल्यूस्टॅट्स. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही वेब-विश्लेषण कंपनी विकत घेतल्यावर भर पानातल्या जावास्क्रिप्टकडे वळला.

गोपनीयता : एओएलने २००६ मध्ये सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या शोध-नोंदी, नावांऐवजी क्रमांक घालून, खुल्या केल्या. काही दिवसांतच पत्रकारांनी केवळ शोधशब्दांवरून एका महिलेचे घर गाठले.

भारतातील कायदा : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३.