बावीस श्रुती आणि पेटीच्या पट्ट्या

मानवत-पाथरी परिसरातील भजनी मंडळ असो वा ख्रिस्तमंदिरातील गायकवृंद, पेटीवाचून कोणाचेही पान हलत नाही. पॅरिसच्या दबें याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि पुढे आपण ते वाद्य आपलेसे केले. परंतु त्याची बारा समान अंतरे आपल्या गळ्याशी पुरती जुळत नाहीत. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ३८६ सेंटवर असतो, पेटीचा मात्र ४०० वर.

ही उणीव दूर करण्याचा यत्न महाराष्ट्रातच झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांस अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य होते. न्यायाधीश क्लेमंट्स यांनी देवलांचा पक्ष उचलून धरला आणि लंडनच्या मूर अँड मूर यांच्याकडून श्रुतिपेटी तयार झाली. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत तिची परीक्षा झाली. पंडित भातखंडे यांना ती मान्य झाली नाही.

तो वाद स्वरस्थानांचा होता. आमच्या मते तितकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की वाढलेले स्वर हाताखाली मांडावयाचे कसे? युरोपात हा प्रश्न जुनाच होता. धर्मगुरू निकोला विचेंतीनो यांनी १५५५ च्या आपल्या ग्रंथात सप्तकात ३६ पट्ट्या असलेले वाद्य वर्णिले. पुढे इंग्लंडच्या बोझांके यांनी सप्तकाचे ५३ समान भाग करून पट्ट्या पायऱ्यांसारख्या रचल्या. कोणत्याही पट्टीला षड्ज मानला, तरी बोटांची ठेवण तीच राहते, हे त्या रचनेचे मर्म होय. हिंदू सप्तकविभागावरही त्यांनी १८७७ मध्ये निबंध लिहिला.

श्रुतींची तीन अंतरे साधारणतः २२, ७० व ९० सेंटची. ती या ५३ भागांपैकी अनुक्रमे १, ३ व ४ भाग व्यापतात. अशी अंतरे अनुक्रमे १०, ५ व ७ आहेत. १०, १५ व २८ मिळून बरोबर ५३! म्हणजे बावीसही श्रुती त्या रचनेत सामावतात.

आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या पेटीत पट्ट्या नेहमीच्याच राहतात. षड्ज-पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना खुंटी ओढून दोहोंपैकी एक श्रुती निवडता येते. येथे षड्ज बदलला की ही मांडणी तशीच चालत नाही. बोझांकेच्या रचनेत हाताला सारे नव्याने शिकावे लागते.

आपला गायक बहुधा एकच षड्ज धरून गातो. म्हणून आम्हांस ओकांची निवड अधिक सयुक्तिक वाटते. वाद्याची रचना ठरविताना गणिताइतकेच गाणाऱ्याच्या रीतीकडेही पाहावे, हाच या इतिहासाचा बोध होय.